नोटिशीवर सही कोणाची?

छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीपलीकडील छावणीत घर बांधावयाचे किंवा त्यात मोठा फेरफार करावयाचा, तर छावणी परिषदेची मंजुरी लागते. विनापरवाना भिंत उभी राहिली, की पूर्वी तिची वार्ता कर्मचाऱ्याच्या फेरीतून वा शेजाऱ्याच्या अर्जातून कचेरीत पोचे. आता ती आकाशातूनही येते. संरक्षण मालमत्ता महासंचालनालयाने 2022 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली एक प्रणाली जाहीर केली. कार्टोसॅट-3 उपग्रहाची निरनिराळ्या काळची छायाचित्रे ताडून ती नवे बांधकाम हेरते. देशातील तेव्हाच्या 62 छावण्यांत तिने 1,133 अनधिकृत बदल दाखविल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी 570 प्रकरणांत कारवाई आधीच झालेली होती; उरलेल्या 563 प्रकरणांत ती यंत्राने बोट दाखविल्यानंतर सुरू झाली.

हा शेवटचा आकडा यंत्राला भूषणावह खराच. पण तो कचेऱ्यांच्या मौनाचाही आहे. त्या ठिकाणी इतके दिवस कोणी पाहिले नाही, की पाहून न पाहिल्यासारखे केले, हा प्रश्न उपग्रहाच्या कौतुकात हरवू नये.

यंत्राला दिसतो तो केवळ बदल. मंजुरीचा कागद आकाशातून दिसत नाही. तो दप्तरात असतो, आणि आपल्याकडील दप्तरांची अवस्था सर्वज्ञात आहे. 'अनधिकृत' हा शब्द छायाचित्रातला नव्हे, कायद्यातला. तो उच्चारण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याचा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने खातरजमा करावी, असे या योजनेतही अपेक्षित आहेच. धोका आहे तो या खातरजमेचा निव्वळ उपचार होण्याचा. पडद्यावर खूण उमटली आणि नोटिशीचा मसुदा तयार असला, की सही करणारा हात सहसा अडत नाही. उलट ती खूण डावलून 'येथे काही गैर नाही' असा शेरा मारण्यास धैर्य लागते. कारण पुढे चौकशी झाली, तर यंत्राचे न ऐकल्याचा जाब त्यालाच विचारला जाईल.

हात न अडल्याचे परिणाम मुंबई उच्च न्यायालयापुढे आले आहेत. आयकर आकारणीच्या एका आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतलेला आढळला. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अर्धन्यायिक काम करणाऱ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निष्कर्षांवर आंधळेपणाने विसंबू नये, असे बजावले.

घरांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी उत्तरदायित्व थेट व्यक्तीवर आणून ठेवले. पाडण्यापूर्वी 15 दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणांसह आदेश. आणि हे निर्देश मोडून घर पाडले, तर भरपाईचा भार संबंधित अधिकाऱ्याच्या खिशावर. रस्ते, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणांना मात्र हे संरक्षण नाही, आणि तेही योग्यच.

पण म्हणणे मांडावयाचे ते कशाविरुद्ध? 'असे आढळून आले आहे' हे सरकारी नोटिशीतले नेहमीचे वाक्य. कोणाला आढळले, हे त्यात कधीच नसते. कर्त्याविना क्रियापद चालविण्याची ही सोय यंत्राच्या फार पूर्वीची आहे. छावणीतील रहिवाशाला नोटीस द्यावयाची, तर ताडलेली दोन छायाचित्रे, त्यांच्या तारखा आणि जागेवर प्रत्यक्ष गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव व हुद्दा तिच्यासोबत असलाच पाहिजे. कारण वडिलांच्या वेळचा मंजुरीचा कागद शोधण्यास त्याच्या हाती पंधराच दिवस असतात.