आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमांतील अध्यापनाचे माध्यम

प्रस्तावना :
आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळा, असे समीकरण महाराष्ट्रातील पालकवर्गात रूढ झाले आहे. हे समीकरण कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन व्यवस्थांच्या आधारे केला आहे.

युरोपीय शाळा :
युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९५३ मध्ये लक्झेंबर्ग येथे पहिली युरोपीय शाळा सुरू झाली. या शाळांत एकाच छताखाली निरनिराळे भाषाविभाग असतात आणि मूल शक्यतो मातृभाषेच्या विभागात शिकते. दुसरी भाषा प्राथमिक स्तराच्या आरंभापासून विषय म्हणून शिकविली जाते. माध्यमिक स्तरावर इतिहास व भूगोल यांसारखे विषय त्या भाषेतून शिकविले जातात. म्हणजे परभाषा माध्यम होण्यापूर्वी अनेक वर्षांची तयारी झालेली असते.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट :
१९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या या संस्थेचा पदविका अभ्यासक्रम प्रामुख्याने इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या भाषांतून चालतो. त्यातील सहा विषयगटांपैकी पहिला गट भाषा व साहित्याचा असून, तो विद्यार्थ्याने आपल्या सर्वांत चांगल्या अवगत भाषेत घ्यावा अशी अपेक्षा आहे. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसल्यास शाळेच्या देखरेखीखाली साहित्याचे स्वयंअध्ययन करता येते. मात्र विज्ञान, गणित व सामाजिक शास्त्रे बहुधा माध्यमभाषेतूनच शिकावी लागतात. जपानने ही मर्यादा ओळखली. २०१३ मध्ये तेथील शासनाच्या पुढाकाराने काही विषय जपानी भाषेतून शिकविण्याची द्विभाषिक योजना हाती घेण्यात आली.

विषय आणि माध्यम :
येथे एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. केवळ विषय म्हणून शिकलेल्या भाषेत विद्यार्थी कथा-कविता वाचतो; परंतु प्रयोगाचा निष्कर्ष मांडणे किंवा आर्थिक धोरणाची चिकित्सा करणे त्या भाषेत त्याला सहसा साधत नाही. महाराष्ट्राने २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य केली. या तरतुदीने आंतरराष्ट्रीय शाळांत मराठीला स्थान मिळाले, पण ते विषयाचे आहे, माध्यमाचे नव्हे.

समारोप :
आंतरराष्ट्रीय शिक्षण आणि मातृभाषेचे माध्यम यांत मूलतः विरोध नाही, हे युरोपीय शाळांवरून व जपानच्या अनुभवावरून दिसते. पाठ्यपुस्तके, परिभाषा, प्रशिक्षित शिक्षक आणि शासनाची इच्छाशक्ती यांवर ते अवलंबून असते. यांपैकी परिभाषा व पाठ्यपुस्तके सिद्ध करण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापकांच्या कक्षेतील आहे. ते झाले नाही, तर मराठी वर्गात राहील. परंतु ज्ञानव्यवहारात तिला स्थान उरणार नाही.