लांकडी जमीन कां उचलते?

बैलगाडीचें चाक वैशाखांत खिळखिळें होतें आणि माजघराचें दार श्रावणांत चौकटींत अडकून बसतें, हा अनुभव महाराष्ट्रांत घरोघरचा आहे. परंतु तेंच लांकूड पायांखालीं फळ्यांच्या रूपानें पसरलें असतां मधोमध फुगून उचललें, म्हणजे गृहस्थ सुताराला दोष देतो, नाहीं तर लांकूडच कच्चें होतें असें म्हणतो. पुष्कळदां दोष जमीन कोणत्या ऋतूंत बसविली आणि भिंतीपाशीं किती जागा सोडली, यांतच असतो.

लांकूड अतिसूक्ष्म नळ्यांचें बनलेलें असतें. तें तोडलें, चिरलें, रंगविलें, तरी या नळ्यांच्या भिंती हवेंतील बाष्प शोषतात आणि परत सोडतात. बाष्प शिरलें कीं भिंती फुगतात. मात्र ही वाढ सर्व बाजूंनीं सारखी नसते. फळीच्या लांबींत ती जवळजवळ शून्य. गाभ्याकडून सालीकडे मध्यम. आणि वार्षिक वलयांच्या दिशेनें त्याच्याहि सुमारें दुप्पट. समजा, लांकडांतील पाण्याचें प्रमाण उन्हाळ्यांत ८ टक्के होतें आणि पावसाळ्यांत १४ टक्के झालें. ज्या सागवानी फळ्यांची रुंदी या वलयांच्या दिशेनें पडली आहे, त्यांच्या १२ फूट रुंद जमिनीस तेव्हां सुमारें दीड इंच अधिक जागा लागेल. आणि सागवान तर या बाबतींत फारच समजूतदार लांकूड! भिंती हटत नाहींत, खालीं वाव नाहीं. मग जमीन वर उठते.

अलीकडील लॅमिनेटच्या जमिनीचा गाभाहि लांकडाच्या दाबलेल्या भुशाचाच असतो. वर केवळ छापील कागद आणि राळेचा कठीण थर. तंतू सर्व दिशांना पसरलेले असल्यामुळें ती लांबींतहि वाढते. ती खिळ्यांनीं जखडलेली नसते, सबंध जमीन तरंगती असते. म्हणून खोलीच्या दोन्ही टोकांस जड कपाटें ठेवून ती दाबून टाकणें घातक ठरतें.

यासाठीं फळ्या बसविण्यापूर्वीं कांहीं दिवस त्याच खोलींत मोकळ्या ठेवाव्यात. भिंतींलगत चारी बाजूंनीं लॅमिनेटला ८ ते १२ मिलिमीटर फट सोडावी. भरीव लांकडाला खोलीच्या रुंदीप्रमाणें अधिक. फट झांकणारी पट्टी भिंतीला ठोकावी, जमिनीला नव्हे. नव्या काँक्रीटवर घाई करूं नये. तें वरून कोरडें दिसलें तरी आंत महिनेच्या महिने ओलें राहतें. हात-दीड हात प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून दिवसभर ठेवावा. खालीं दंव जमलें तर थांबावें. पुसतांना फडकें घट्ट पिळून घ्यावें.

जमीन फुगलीच, तर प्रथम ओल कोठून येते तें शोधून ती बंद करावी. मग भिंतीलगतची पट्टी काढून कडेची फळी थोडी तासावी. पुष्कळदां जमीन आपोआप खालीं बसते. फुगलेल्या कडा रंध्यानें सपाट करण्याचा मोह मात्र टाळावा. लांकूड वाळल्यावर त्याच कडा खोल जातात आणि फळीचा मध्य उंच राहतो. लॅमिनेटच्या कडा एकदां पाण्यानें फुगल्या, कीं त्या पूर्ववत् होत नाहींत. तेवढ्या फळ्या बदलाव्याच लागतात.