बोटाच्या रुंदीची शेती

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर, मांगराई लोकांच्या मुलखात, रुतेंग शहराजवळ चांचार नावाचं गाव आहे. गावालगतची छोटी टेकडी चढून खाली नजर टाकली की पहिले काही क्षण डोळ्यांवर विश्वास बसत नाही. खाली भाताची खाचरं आहेत, पण ती चौकोनी नाहीत. भलीमोठी कोळ्याची जाळी कुणी जमिनीवर अंथरून ठेवावीत तशी ती दिसतात. जाळ्याच्या मधोमध एक बिंदू, तिथून चहूकडे सरळ फुटलेले बांध आणि त्यांना आडवे जोडणारे बांध. एकेक जाळं एकरच्या एकर पसरलेलं.

ही नक्षी कुणी शोभेसाठी काढलेली नाही. ती वाटणी आहे. आपल्याकडे वाटणी म्हटली की डोळ्यांपुढे चौकोन येतो आणि चौकोनापाठोपाठ भाऊबंदकी. मांगराई माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र गोल येतो.

अशा सामायिक जमिनीला तिथे ‘लिंको’ म्हणतात. तिच्या केंद्राचं नाव ‘लोदोक’ आणि बाहेरच्या हद्दीचं ‘चिचिंग’. नवीन लिंको फोडायची ठरली की आधी लोदोकच्या जागी लाकडी खुंटा रोवतात, पूर्वजांना आणि जमिनीला बळी देतात आणि मग वाटणी सुरू होते. ती करतो ‘तुआ तेनो’, म्हणजे गावच्या जमिनीचा जाणता वडीलधारा. आणि त्याचं माप काय, तर हाताचं बोट! हिश्शाला शब्दच आहे ‘मोसो’, आणि मोसो म्हणजे बोट. खुंट्यापाशी कुणाला किती बोटं रुंदी, हे घराण्याचा मान, कुटुंबाची गरज पाहून ठरतं. तिथून दोन रेषा थेट हद्दीपर्यंत ओढल्या की त्या दोहोंमधली पाचर त्या कुटुंबाची.

कागद-पेन्सिल घेऊन बसा, म्हणजे यातली गंमत कळेल. समजा खुंट्याभोवती पंचवीस सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं आणि त्यावर दोन सेंटिमीटरचं एक बोट टेकवलं. हद्द शंभर मीटरवर असेल, तर तिथे त्या एका बोटाचे आठ मीटर झालेले असतात. असे सुमारे अठ्ठ्याहत्तर हिस्से त्या छोट्या वर्तुळात मावतात. थोडक्यात, हा माणूस लांबी मोजतच नाही, तो कोन मोजतो. त्यासाठी ना कोनमापक, ना साखळी. जमीन चढाची असो, उताराची असो, हद्द वेडीवाकडी असो, बोटाचा हिशेब तोच. डोंगराळ मुलखात साखळी टाकून चौकोन आखायला गेलेल्या कोणालाही विचारा, ही किती मोठी सोय आहे ते.

मला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. इथे प्रत्येकाचा बांध त्याच एका खुंट्यापासून निघतो. रात्रीतून बांध कोरायचा म्हटलं, तर सरळ रेषेला पोक येणार आणि तो टेकडीवरून साऱ्या गावाला दिसणार. प्रत्येकाचं शेत वेगळं, पण प्रत्येकाच्या शेताचं टोक सगळ्यांच्या टोकांना चिकटलेलं.

मुळात ही गोल शेतं जंगल साफ करून केलेल्या कोरडवाहू पिकांसाठी होती. चांचारला पाटाचं पाणी आलं, तिथे भात उभा राहिला, पण आखणी तीच राहिली. बाहेरून आलेल्या माणसालाही जमीन मिळू शकते. त्याने कोंबडा आणि माडीचा घडा घेऊन वडीलधाऱ्यांसमोर बसायचं आणि मागायचं. ती खरेदी नसते, आपल्यात घ्या म्हणून केलेली विनंती असते. या व्यवस्थेची एक बाजू मात्र मनाला टोचते. मुलगे ‘आतले’ आणि मुली ‘बाहेरच्या’, कारण त्या लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाणार. त्यामुळे परंपरेने जमिनीचा वारसा मुलग्यांकडेच जात आला. इतका सुंदर गोल आखणाऱ्यांनी मुलींना त्याच्या बाहेर ठेवावं, याचं वाईट वाटतं.

इंडोनेशियाच्या 1960 सालच्या मूलभूत जमीन कायद्याने समाजाच्या अशा पारंपरिक हक्कांची दखल घेतली आहे. त्याच कायद्याने परदेशी माणसाला तिथल्या जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही. फ्लोरेसच्याच लाबुआन बाजोच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढतं आहे, तसतसं या दोन तरतुदींचं मोल वाढत चाललं आहे.

आता मांगराईंची घरं पाहायला त्या लाबुआन बाजोहून निघून डोंगरात शिरू.   गाडीने कित्येक तास वळणं घेत देंगे गावाकडे पोचायचं आणि मग पायी चढायचं. जंगल, ओढे, निसरडी पायवाट. काही तासांनी झाडी उघडते आणि सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या ढगाळ वाटीत सात उंच शंकू दिसतात. हे वाए रेबो.

गावात शिरण्याआधी वरच्या एका झोपडीत बांबूचा ठोकळा टांगलेला असतो. तो वाजवायचा, म्हणजे खाली कळतं की पाहुणा येतोय. मग थेट मुख्य घरात जायचं. तिथले वडीलधारे पूर्वजांना तुमच्या येण्याची वर्दी देतात आणि तुमच्यासाठी आशीर्वाद मागतात. तोवर फोटो काढायचा नाही. त्यानंतर तुम्ही पाहुणे राहत नाही, घरी परतलेलं लेकरू होता. मग कॉफी येते, त्यांच्याच मळ्यातली. हीच कॉफी पोत्यांत भरून माणसं पाठीवरून खाली बाजाराला नेतात आणि बाजारहाट पाठीवरूनच वर आणतात. शाळेच्या वयाची मुलं खालच्या कोंबो गावात राहतात.

वाए रेबोच्या त्या शंकूसारख्या घरांना ‘म्बारू नियांग’ म्हणतात. सुमारे पंधरा मीटर उंच, छप्पर पार जमिनीपर्यंत उतरलेलं, लाकडं खिळ्यांऐवजी वेताने बांधलेली. आत पाच मजले. तळाशी कुटुंबं राहतात आणि चूल पेटते. दुसऱ्यावर धान्य आणि सामान. तिसऱ्यावर पुढच्या हंगामाचं बियाणं. चौथ्यावर दुष्काळासाठी राखलेला साठा. सगळ्यात वर पूर्वजांचा नैवेद्य. म्हणजे पायऱ्या चढाव्यात तसं आजपासून उद्याकडे, उद्यापासून वाईट दिवसांकडे आणि तिथून गेलेल्यांकडे जायचं. चुलीचा धूर या साऱ्यातून वर झिरपत राहतो आणि गवत-लाकडाला कीड लागू देत नाही. तो धूर थांबला की घर कुजू लागतं. घर टिकायचं तर घरात माणूस हवा, हे इथे अक्षरशः खरं आहे.

2008 साली जकार्त्याचे वास्तुविशारद योरी अंतार इथे पोचले, तेव्हा सातांपैकी चारच घरं उभी होती. त्यांनी नवा आराखडा काढला नाही. गावच्या म्हाताऱ्यांना बांधणी ठाऊक होती, पोरांना नव्हती. म्हणून अंतार यांनी देणगीदार मिळवले आणि घर बांधायचं काम गावाच्याच हाती दिलं. 2012 साली युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातल्या वारसा-जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला.

गवत चढण्याआधीचा अशा घराचा सांगाडा आतून पाहिला, तर वर एका टोकाशी सगळे वासे एकत्र येतात, तिथून ते चहूकडे पसरत खाली उतरतात आणि बांबूची कडी त्यांना आडवी बांधून ठेवतात. मधोमध खांब, जणू खुंटाच. म्हाताऱ्यांच्या हाताखाली वेताची गाठ मारायला शिकणारी ती पोरं मान वर करून जे पाहत होती, ते होतं लिंकोचंच जाळं.