झोप उडालेल्या माणसाला

माऊली, ३० सप्टेंबर १९९३ आठवा. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. पहाटे चारला थोडा वेळ कमी असताना किल्लारीची जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या आणि हजारो माणसं गेली. हे मी लातूरकरांना काय सांगावं! तुमच्यापैकी कुणी ढिगारा हातानं उपसला असंल.

पुढचं ऐका. वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांना छताखाली झोप येईना. नवं घर मिळालं तरी बाज अंगणातच. काकड्याच्या वेळेला दचकून जाग यायची, छाती धडधडायची. जमीन कधीच थांबली होती हो, शरीर थांबलं नव्हतं.

ताण म्हणतात तो हाच. बांधावर साप दिसला की नाडी पळते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते. पळायला बळ यावं म्हणून देवानं केलेली ती सोय आहे. साप गेला की घडीभरात सगळं जाग्यावर येतं. पण कर्ज काही निघून जात नाही, ते रात्रीही उशाला असतं. सोयाबीनचा भाव पडला, पोरीचं लग्न तोंडावर आलं, की शरीर महिनोन्‌महिने साप बघितल्यासारखंच राहतं. मग झोप जाते, पित्त खवळतं, मान आखडते, बीपी-शुगर वाढते. माणूस लेकरांवर खेकसतो आणि नंतर एकटाच रडतो.

नांदेडकडं सप्त्यात एकानं विचारलं, "महाराज, नाम घेतल्यानं हे जातं का?" खरं सांगतो, आधार मिळतो. भजनात चरण लांबवून म्हणताना श्वास सावकाश सुटतो, त्यानं नाडी संथ होते. शेजारी दहा माणसं टाळ वाजवतात, एकटेपणा तेवढा कमी. पण माळ घातली म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. तसं मी कुठल्याच कीर्तनात सांगितलेलं नाही!

तुकोबारायांचंच बघा. १६३० च्या दुष्काळात दिवाळं निघालं, बायको अन्नावाचून गेली. त्यांनी ते झाकलं नाही, लाज वाटली तीसुद्धा अभंगात सांगून टाकली. आणि आपण? बँकेची नोटीस गादीखाली ठेवतो, बायकोलासुद्धा सांगत नाही.

तेव्हा आधी एका माणसाला सांगा. दोन आठवडे झोप नसंल, कशातच मन लागत नसंल, तर जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरला दाखवा. वेडाचा शिक्का बसंल म्हणून भिऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि घरातलं कुणी "आता जगून काय करू" म्हणालं, तर त्याला उपदेश करत बसू नका. "असं वाटतंय का?" म्हणून सरळ विचारा. विचारल्यानं विचार वाढत नाही. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, आणि घरात फवारणीचं औषध असंल ते आजच शेजारी नेऊन कुलपात ठेवा.