मातीचा पंचनामा

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातून कार्यकर्त्यांचा फोन आला. "वकीलसाहेब, आपल्या पांढरीवर बुद्धमूर्ती सापडली. उद्या सकाळी याच." मी गेलो. गावाबाहेरच्या जुन्या रिठावर पोरांनी रात्रभर कुदळ-फावडे चालवले होते. मूर्ती वर काढून घासूनपुसून धुतली होती, तिला ऑइलपेंट दिला होता आणि समाजमंदिरात बसवून पुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. माणसे हात जोडून उभी होती. म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी होते. खोटे कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले.

नंतर चहा घेताना मी विचारले, मूर्ती किती खोल होती? उभी होती की आडवी? शेजारी काय होते? पोरांनी खड्डा दाखवला. उपसलेली माती शेतात पसरली होती. विटा होत्या का? "होत्या ना, हातभर लांब. घरोघरी नेल्या." खापरे? "ती फेकून दिली, त्यांचे काय करायचे?"

पंधरा दिवसांनी गावातील दुसऱ्या गटाने अर्ज दिला की ही मूर्ती आमच्या देवाची आहे. कचेरीत विचारणा झाली, पुरावा काय? आमचा एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, "कार्बन चाचणी करा, दोन हजार वर्षांची निघेल." मी मान खाली घातली. दगडाची कार्बन चाचणी होत नाही. जे काही बोलू शकले असते, म्हणजे मूर्तीभोवतीची माती, विटा, खापरे, कोळसा, ते सारे एका रात्रीत नाहीसे झाले होते. मूर्ती हातात होती, पण तिची साक्ष आम्हीच बुजवली होती. ती मूर्ती कुलूपबंद खोलीत गेली.

वकिली करणाऱ्याला हे दुःख ओळखीचे आहे. ॲट्रॉसिटीचा खटला उभा राहतो, मार खाल्लेला माणूस समोर असतो, रक्ताने माखलेला सदरा मुद्देमालात असतो. तरी आरोपी सुटतो. का? पंचनामा धड नसतो. सदरा कोठून जप्त केला, कोणासमोर केला, सील कधी लावले याची नोंद नसते. वस्तू खरी असूनही तिला बोलता येत नाही.

पुरातत्त्वाचे उत्खनन म्हणजे दुसरे तिसरे काही नसून मातीचा पंचनामा आहे. फरक एवढाच की घटनास्थळाचा पंचनामा चुकला तर निदान जागा तरी शिल्लक राहते. उत्खननात जागाच संपते. एकदा खोदलेला थर पुन्हा खोदता येत नाही. म्हणून खोदणे हे उत्खननातील निम्मेच काम. उरलेले निम्मे म्हणजे नोंद.

ही नोंद कशी होते ते समजून घेऊ. माणसे एका जागी शेकडो वर्षे राहिली की घरे पडतात, त्यावर नवी उठतात, राख, शेण, केरकचरा साचतो. मातीवर माती चढते. त्यात कोणी ढवळाढवळ केली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. हे या शास्त्राचे पहिले सूत्र. पण 'ढवळाढवळ नसेल तर' ही अट महत्त्वाची. नंतरच्या माणसाने धान्यासाठी पेव खणले तर वरच्या काळातली वस्तू खालच्या थरात जाऊन बसते. उंदीर-घुशीसुद्धा हेच करतात. म्हणून प्रत्येक खड्ड्याची कड शोधून त्यातला माल वेगळा नोंदवावा लागतो.

१९४४ ते १९४८ या काळात मॉर्टिमर व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. त्यांनी येथील तरुणांना शिस्तीचे उत्खनन शिकवले. जागेवर चौकोन आखायचे, दोन चौकोनांच्या मध्ये मातीची भिंत न खोदता राखायची. त्या भिंतीवर एकावर एक थर वहीच्या पानांसारखे दिसतात. त्यांचे मोजून चित्र काढायचे. प्रत्येक वस्तूच्या पिशवीवर चौकोन, थर आणि खोली लिहायची. फोटोत मापाची पट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवायचा. माती चाळायची. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर मुद्देमालाची साखळी कोठेही तुटू द्यायची नाही.

ही साखळी तुटली की काय होते, हे पिपरहवाच्या स्तूपाने जगाला दाखवले आहे. पिपरहवा हे उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेजवळ आहे. जानेवारी १८९८ मध्ये तेथील इंग्रज जमीनदार विल्यम पेपे यांनी स्तूपाच्या मधोमध खणले. आत दगडाची मोठी पेटी सापडली. तिच्यात छोटी पात्रे, अस्थी आणि अठराशेहून अधिक रत्ने-मणी होते. एका पात्रावर ब्राह्मी लेख होता. त्यात बुद्ध आणि शाक्य यांचा उल्लेख आहे. पण वाचनावर वाद झाला. बहुतेकांनी या अस्थी तथागतांच्या मानल्या, तर फ्लीट यांच्यासारख्या अभ्यासकाने त्या त्यांच्या शाक्य नातेवाइकांच्या ठरवल्या.

त्याच सुमारास त्याच भागात फ्यूरर नावाचा सरकारी पुरातत्त्व अधिकारी खोदकाम करीत होता. तो खोटे शिलालेख आणि खोटे अवशेष यांच्या प्रकरणात उघडा पडला आणि १८९८ मध्येच त्याला पद सोडावे लागले. त्याची सावली पिपरहवावरही पडली आणि तेथील लेख बनावट असल्याची शंका पुढे शंभर वर्षे डोके वर काढीत राहिली. लेखाचा अभ्यास केलेले बहुतेक विद्वान तो अस्सल मानतात. पण १८९८ चे खोदकाम आजच्या शिस्तीने झाले असते तर शंकेला एवढी जागाच उरली नसती.

पुढे १९७१ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या के. एम. श्रीवास्तव यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले. पेपेंना पेटी मिळाली त्या पातळीच्याही खाली त्यांना विटांचे दोन कप्पे सापडले. त्यांत शंखजिऱ्याची पात्रे आणि अस्थी होत्या. तेथील खापरे उत्तरेकडील काळ्या झिलईच्या भांड्यांची होती. त्यांवरून श्रीवास्तवांनी खालचे कप्पे दगडी पेटीहून जुने ठरवले. शेजारच्या विहारात मातीच्या मुद्रा मिळाल्या, त्यांवर कपिलवस्तूच्या भिक्खुसंघाचा उल्लेख होता. नेपाळमधील तिलौराकोटचा कपिलवस्तूवरील दावा अजून कायम आहे, तो वाद वेगळा. पण एकाच स्तूपात पंच्याहत्तर वर्षांच्या अंतराने दोन खोदकामे झाली, आणि थर वाचणाऱ्याला जे दिसले ते वस्तू शोधणाऱ्याला दिसले नव्हते, हा धडा निर्विवाद आहे.

पेपेंच्या वस्तूंचे काय झाले? अस्थी १८९९ मध्ये सयामच्या राजाला देण्यात आल्या. रत्नांचा मोठा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला. काही भाग 'दुबार नमुने' म्हणून पेपे कुटुंबाकडे राहू दिला. तोच भाग मे २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये सदबीजच्या लिलावात विक्रीला निघाला. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. ज्या मातीत श्रद्धेने ठेवली होती तेथून निघालेली वस्तू सव्वाशे वर्षांनी बोलीवर चढते, याचे मूळ त्या पहिल्या वाटणीत आहे.

आता काळ कसा ठरतो ते पाहू. नाणे, लेख, भांडी, विटांचा आकार ही जुनी साधने. लिपीचे वळण पिढ्यांगणिक बदलते, त्यावरून काळाचा अंदाज येतो. नाणे तर राजाचे नावच सांगते. पण नाण्यातही फसगत आहे. आपल्या नालासोपाऱ्याचे उदाहरण घ्या. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उघडला. आत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती होत्या. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील. मग ठेव कधीची? नियम असा की ठेवीतील सर्वांत नवी वस्तू ज्या काळची, त्याआधी ती ठेव अखेरची बंद झालेली असू शकत नाही. म्हणजे हा स्तूप शेकडो वर्षांनंतर पुन्हा उघडून पुजला गेला होता. केवळ नाणे पाहणारा सहाशे वर्षांनी चुकला असता. आणि सहाशे वर्षे सोपाऱ्यात धम्म जिवंत होता, ही मोठी गोष्ट त्याच्या हातून निसटली असती.

कार्बनची पद्धत विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये मांडली. तिच्यासाठी त्यांना १९६० चे नोबेल मिळाले. झाड किंवा प्राणी जिवंत असेपर्यंत त्याच्या शरीरात कार्बन-१४ येत राहतो. मेल्यावर येणे थांबते आणि असलेला घटू लागतो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. किती उरला ते मोजून काळ काढतात. म्हणून लाकूड, कोळसा, हाड, धान्य यांचाच काळ या पद्धतीने कळतो. दगड, धातू यांचा नाही. शिवाय कोळशावरून लाकडाचे वय कळते, घराचे नाही. दोनशे वर्षे जुन्या खोडाची तुळई केली तर तारीख खोडाची येते. उत्तरही एका सालाचे येत नाही, काळाचा पट्टा येतो. त्यातही इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा पट्टा फार रुंद होतो. नेमका हाच काळ तथागतांचा आहे! म्हणून एकट्या कार्बनवर विसंबता येत नाही. भट्टीत भाजलेल्या भांड्याचा किंवा विटेचा काळ आणि वाळूच्या कणांवर शेवटचा प्रकाश कधी पडला तो काळ मोजण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत. दोन-तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की मगच विश्वास ठेवायचा.

लुंबिनीत २०११ ते २०१३ मध्ये हेच केले गेले. मायादेवी मंदिराच्या विटांखाली लाकडी खांबांच्या खुणा सापडल्या. कोळसा आणि माती दोन्ही तपासून संशोधकांनी ती रचना इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमाराची ठरवली. आपल्या लोकांनी पेढे वाटले. पण काही अभ्यासकांनी विचारले, रचना जुनी आहे हे मान्य, ती बौद्धांचीच होती हे कशावरून? आपल्याला हा प्रश्न आवडला नाही, तरी तो रास्त आहे. वस्तूचा काळ सिद्ध होणे आणि वस्तूची ओळख सिद्ध होणे हे दोन वेगळे मुद्दे आहेत. दुसऱ्याच्या देवळाखालचा पुरावा तपासताना आपण हाच प्रश्न विचारतो. मग स्वतःच्या बाबतीत तो टाळता येणार नाही.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत इतिहास शोधणाऱ्याची जागा न्यायनिवाड्यासाठी बोलावलेल्या ज्युरीच्या जागेसारखी मानली आहे. पुरावा जेथे संपतो तेथे तर्क सुरू होतो, हे त्यांनी लपवले नाही. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी कुदळीच्या जोरावर निकाल लावावा काय?

मग करायचे काय? गावात मूर्ती, विटा, नाणी दिसली तर हात लावू नका. जागेवरच मापाची पट्टी ठेवून फोटो काढा, तारीख लिहा, ग्रामपंचायतीत आणि पुरातत्त्व खात्यात लेखी कळवून पोच घ्या. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मूर्ती धुऊ नका, रंगवू नका. पांढरीची माती शेतात नेऊ देऊ नका. जेसीबी आला तर आडवे व्हा.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे. उत्खनन होते, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि अहवाल वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतो. अहवालाशिवायचे उत्खनन म्हणजे दाखल न केलेला पंचनामा. पवनीचे उत्खनन १९६९-७० मध्ये झाले आणि १९७२ मध्ये अहवाल छापून आला, म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या त्या स्तूपांविषयी आज आपण अधिकाराने बोलू शकतो. बुलडाणा जिल्ह्यातील भोनचा विटांचा स्तूप डेक्कन कॉलेजच्या उत्खननाने उजेडात आला आणि जिगाव प्रकल्पाच्या पाण्याचा धोका त्याच्यापुढे उभा राहिला. तो वाचवा अशी मागणी आपण करू शकलो, कारण हातात नोंद होती. आपल्या जिल्ह्यात कोठे उत्खनन झाले, अहवाल कोठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. एका मोर्चाच्या खर्चात असे शंभर अर्ज होतात.

त्या खेड्यात मी पुन्हा गेलो होतो. रिठावर पोरांचा खड्डा तसाच होता, पावसाने कडा ढासळलेल्या. आता तेच कार्यकर्ते उरलेल्या टेकाडावर कोणाला नांगर घालू देत नाहीत. त्यांच्यातल्या एकाने घरी नेलेली वीट परत आणून माझ्या हातात दिली. तिच्यावर त्याने खडूने लिहिले होते, 'कोठून काढली आठवत नाही'. मी म्हटले, हे तू आज लिहिलेस ना, हाच आपला पहिला पंचनामा.