‘वरचे तुमचे’ म्हणण्याआधी

गेवराईत घर विकायचे ठरले तर दारावर पाटी लावावी लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाचा पैसा हाती येऊ लागला की गिऱ्हाईकही हलते. अशा वेळी बाजारात दोघांच्या कानावर घातले तरी तिसरा स्वतःहून फोन करतो, ‘घर काढलं म्हणे?’ हा बहुधा एजंट असतो, आणि त्याचा पहिला-दुसरा प्रश्न ठरलेला: ‘तुम्हाला हातात किती पाहिजेत?’ पुण्याला किंवा संभाजीनगरला राहणारा मालक आकडा सांगतो आणि मोकळेपणाने म्हणतो, ‘वरचे तुमचे.’

इथेच गणित बदलते. हातात वीस लाख मागितलेत आणि घर तेवीसला गेले, तर तीन लाख त्याचे. म्हणजे खरा भाव तुम्हाला कळू न देण्यातच त्याचा फायदा. टक्क्यावरची दलालीही काही फार शहाणी नसते. दोन टक्क्यांनी वीस लाखांवर चाळीस हजार मिळतात, एकवीस लाखांवर बेचाळीस. तुमच्या जास्तीच्या लाखासाठी दोन हजारांवर महिनाभर हेलपाटे कोण घालील? त्याला सौदा लवकर मिटवायचा असतो. मला त्यातल्या त्यात बरी वाटते ती टप्प्याची बोली: वीस लाखांपर्यंत एक टक्का आणि त्यावर मिळेल त्या रकमेच्या दहा टक्के. मग एकवीस लाखांना तीस हजार होतात. दहा हजार जास्त मिळणार म्हटल्यावर माणूस थोडा घासतो, आणि वरच्या लाखातले नव्वद हजार तुमच्याकडे राहतात.

बोली कोणतीही असो, ती कागदावर हवी. ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला’ हे वाक्य गावात सर्रास ऐकू येते, आणि आपल्याच माणसाचे तोंड पाहणे पुढे बंद होते तेही त्याच वाक्यामुळे. १८७२ चा भारतीय करार कायदा यात तुमच्या बाजूने आहे. कलम २१६ सांगते की मालकाला न कळवता एजंटाने त्याच व्यवहारात स्वतःसाठी धंदा केला, तर त्याला झालेला फायदा मालक मागू शकतो. पण ‘वरचे तुमचे’ असे तुम्हीच बोलून बसला असाल तर हा हक्क सांगायला तोंड राहत नाही. कलम २१९ नुसार वेगळे ठरले नसेल तर मोबदला काम पुरे झाल्यावरच देय होतो. म्हणून इसार आला की लगेच अर्धी दलाली मागणाऱ्याला, खरेदीखत नोंदल्यावर देऊ, असे आधीच सांगावे. तो समोरच्याकडूनही दलाली घेणार आहे का, हेही विचारावे. दोन्हीकडून घेणे आपल्याकडे नवे नाही. लपवून घेणे वाईट.

एजंटाकडे ‘महारेरा’ची नोंदणी हवीच का? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पातील घरे-प्लॉट विकणाऱ्या एजंटाला लागू आहे. जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पालाही नोंदणीची सक्ती नाही. वडिलांनी बांधलेले जुने घर विकायला नोंदणीकृत एजंटच पाहिजे असे बंधन नाही. नोंदणी असलेला मिळाला तर उत्तमच, कारण महाराष्ट्रात २०२३ पासून या एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा आली आहे. पण तालुक्याच्या गावात खरी परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागते.

ती अशी घ्यावी. भाव बाजूला ठेवून कागदांवर बोलणे काढावे आणि तो काय विचारतो ते पाहावे. मुरलेला माणूस आधी विचारतो, ‘वारस किती? बहिणी किती? हक्कसोडपत्र झालंय का?’ नगरपरिषदेच्या आकारणी उताऱ्यावर नाव आहे एवढ्यावर जो समाधान मानतो, तो कच्चा. तो उतारा कर वसुलीसाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. मालमत्ता पत्रक, मूळ खरेदीखत, जमीन अकृषिक आहे की गुंठेवारीतली, हे त्याने मागायला हवे. मराठवाड्यात आणखी एक गाठ असते: निजामाच्या काळापासूनच्या मदतमाश आणि खिदमतमाश इनामांची. भोगवटादार वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि देवस्थानच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनीचा मामला तर त्याहून अवघड. जागा यांपैकी कशात मोडते हे गावातला जुना एजंट गट नंबर ऐकून सांगतो. दलालीचा खरा मोबदला मला विचाराल तर याच ज्ञानाचा.

मग त्याने अलीकडे केलेले दोन-तीन सौदे विचारावेत. नोंदलेल्या दस्ताचा इंडेक्स टू पाहता येतो, त्यामुळे थाप असेल तर उघडी पडते. फक्त त्यावरची रक्कम हाच बाजारभाव असे समजू नये. दस्तात किती दाखवतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या घरमालकाशी दोन शब्द बोललेले बरे.

घर एकाच वेळी पाच जणांना सांगू नये. प्रत्येक जण आपले ‘वरचे’ धरून भाव सांगतो, एकच घर गिऱ्हाइकाला तीन भावांनी कळते आणि त्याला वाटते, घरात काहीतरी भानगड आहे. एकाला तीन महिन्यांची मुदत लिहून द्यावी आणि मधे आणखी एजंटांची साखळी लावायची नाही असे स्पष्ट सांगावे.

सर्वात जपायची ती इसारपावती. ‘लिहून घेणार किंवा ते सांगतील त्यांच्या नावे खरेदीखत करून देईन’ अशी ओळ तिच्यात अनेकदा असते. वाचताना निरुपद्रवी वाटते, पण एजंट स्वतःच्या किंवा साथीदाराच्या नावे इसार करून घर परस्पर फिरवतो तो याच ओळीच्या आधारे. खरेदीदाराचे नाव, रक्कम आणि मुदत भरलेली असल्याशिवाय सही करू नये. बाहेरगावी असलात तरी विक्रीचे मुखत्यारपत्र एजंटाला देऊ नये; द्यायचेच तर घरच्या माणसाला, आणि तेही या एका घरापुरते. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले आहे. पण तेवढ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या कोणी चढाव्यात?

पैशाबाबत दोन गोष्टी. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आणि खरेदीखतावर तेवीस लाख लिहिले गेले, तर भांडवली नफा तुमच्या नावे तेवीसवरच मोजला जातो, मग हातात वीसच आलेले असोत. दलाली बँकेतून देऊन पावती घेतली असेल तर ती विक्रीचा खर्च म्हणून त्या नफ्यातून वजा करता येते. ‘वरच्या’ची पावती मात्र कोणी देत नाही.