आत घाम, बाहेर पाऊस

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशला कापडरंगाच्या धंद्यासाठी अमोनिया लागे, म्हणून तो गॅस कारखान्यातलं टाकाऊ डांबर विकत घेत असे. त्यातूनच नॅफ्था निघे आणि नॅफ्थ्यात रबर विरघळे. हा चिकट लेप दोन कापडांच्या मध्ये दाबून बसवायची युक्ती त्याने १८२३ साली पेटंट केली. लेप अंगाला लागत नव्हता, बाहेर कशाला चिकटतही नव्हता. आजच्या बहुथरी कापडाची मांडणी इथेच दिसते.

पण शिंप्याने सुई टोचली की प्रत्येक टाक्यातून पाणी झिरपे. शिवाय कोट उन्हात चिकट होई नि थंडीत ताठ. हा दोष गंधक घालून तापवलेल्या रबराने घालवला; चार्ल्स गुडइयरला त्याचं अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळालं. रबराच्या कोटातल्या घामाचं मात्र काही जमलं नाही. चढावर माणसाला तासाला अर्धा-एक लिटर घाम सहज येतो. रबराआड तो सगळा कोंडून राहतो आणि पावसातून कोरडा आलेला माणूस आतून चिंब निघतो.

तोड निघाली ती टेफ्लॉनमधून, तीही चिडून दिलेल्या एका हिसक्याने. १९६९ मध्ये डेलावेअरमध्ये बॉब गोर तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या हळूहळू ताणत होता आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्याने एक कांडी जोरात ओढली, तर ती कितीतरी पट लांबली आणि तिच्यात सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पट मोठी. म्हणून थेंब बाहेर अडतो नि घामाची वाफ सुटते.

हा नाजूक पापुद्रा एकटा टिकत नाही. बाहेरून नायलॉन किंवा पॉलिएस्टर, आतून बारीक विणीचं अस्तर, आणि वाफेला वाट राहावी म्हणून डिंकाचे नुसते ठिपके. अंगाच्या तेलकटपणाने छिद्रं भरून सुरुवातीचे कोट गळू लागले, तेव्हा पापुद्र्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवावा लागला. टाक्यांवर आतून टेप बसते. मॅकिंटॉशच्या शिंप्याला हीच हवी होती.

बुटात हाच पापुद्रा मोज्याच्या आकारात शिवून चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये बसवतात. ओल्या गवतातून चालायला तो उत्तम. ओढा घोट्यावर आला की मात्र वरून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि बूट वाळायला फार वेळ घेतो. आषाढातल्या सह्याद्रीत त्यापेक्षा पाणी झटकन निथळू देणारा जाळीचा बूट परवडतो.

महागड्या कोटाचंही तसंच. वाफ आतल्या दमट हवेकडून बाहेरच्या कोरड्या हवेकडे जाते. आल्प्समध्ये हा फरक मोठा असतो, धुक्यात बुडालेल्या राजमाचीवर अगदी थोडा. त्यातच बाहेरचं कापड भिजून पाणी धरू लागलं की उरलीसुरली वाटही बंद. दाटलेल्या पावसात काखेखाली चेन असलेला सैल कोट जास्त कामाचा. पलाशाच्या पानांचं इरलं खालून मोकळंच असे, आणि ते पाठीवर घेऊन वाकून लावणी करणाऱ्यांना वारा लागत राही.

पाणी झटकण्यासाठी वरच्या कापडावर वर्षानुवर्षं फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. ती निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत त्यांच्या वापरावर निर्बंध आणले. गोरच्या कंपनीने २०२२ मध्येच टेफ्लॉनऐवजी ताणलेल्या पॉलिइथिलिनचा पापुद्रा बाजारात आणला होता. फ्लोरिनशिवायचा वरचा लेप मात्र तेलापुढे लवकर हार मानतो. त्यामुळे असे कोट वेळोवेळी सौम्य साबणाने धुवावे लागतात आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेवर वाळवावे लागतात.